एका दमात तावडे

तावडे मास्तर आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा पंधरा मिनिटांत तीनदा आले.

दार उघडंच होतं. त्यांनी खाली वाकून उंबरठ्याला हात लावला, तो कपाळाला लावला आणि आत येऊन खुर्चीसमोर उभे राहिले. पायजमा, वर बनियन दिसेल इतका पातळ सदरा, काटक शरीर, कान जरा मोठे. मोठा श्वास घेतला आणि सुरू झाले, "वहिनी मी मागच्या चाळीतला तावडे तुमच्या बिल्डिंगच्या आणि आमच्या चाळीच्या मधे जी मोकळी जागा आहे तिथे मी संध्याकाळी पोरींना..."

"बसा ना," मी म्हटलं.

ते एकदम गप्प झाले. मान खाली घातली आणि आले तसे दाराबाहेर निघून गेले.

आमच्या ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं. "काय बोललीस त्यांना?"

"बसा म्हटलं."

"मग बरोबर. तुझ्या आवाजात बसा म्हटलं की माणूस उठतोच."

तेवढ्यात मास्तर पुन्हा दारात. पुन्हा उंबरठ्याला हात, पुन्हा मोठा श्वास. ह्या खेपेला ते बरेच पुढे, म्हणजे "पोरींना अंधार पडल्यावर दिसत नाही" इथपर्यंत पोचले होते. इतक्यात आमच्या ह्यांनी सौजन्य दाखवून "चहा घेणार का?" विचारलं. मास्तरांनी कपाळावर हात मारला आणि पुन्हा बाहेर. तिसऱ्यांदा आम्ही दोघं तोंड मिटून बसलो. मास्तरांनी एका श्वासात सगळं सांगून टाकलं. तिथे ते पोरींना कबड्डी शिकवतात, अंधारामुळे सराव लवकर थांबवावा लागतो, आमच्या जिन्यातल्या दिव्यावरून एक वायर काढून बाहेर एक बल्ब लावायला मिळाला तर बरं होईल आणि मी सोसायटीची सेक्रेटरी असल्याने ते माझ्याकडे आले आहेत. मग श्वास सोडला आणि खुर्चीत बसून म्हणाले, "हां, आता चालेल चहा."

जोगेश्वरी पूर्वेच्या त्या बिल्डिंगची सेक्रेटरी मी झाले होते, कारण एकही पुरुष व्हायला तयार नव्हता. टाकीचं पाणी, गच्चीची किल्ली, कुणाचं पापड वाळवणं कुणाच्या अंगणात, असल्या तक्रारी ऐकून माझे कान किटले होते. एका माणसाला काय हवंय ते एका श्वासात कळलं, हेच मला इतकं आवडलं की वायर मी त्याच आठवड्यात ओढून दिली.

कबड्डीत चढाई करणाऱ्या गड्याला "कबड्डी, कबड्डी" म्हणत पलीकडे जाऊन, कुणाला तरी शिवून, त्याच श्वासात परत यावं लागतं. मधे दम तुटला तर गडी बाद. हे सगळ्यांनाच माहीत असतं. तावडे मास्तरांनी तो नियम फक्त मैदानापुरता ठेवला नाही, इतकंच. रेशनचं दुकान असो, शाळेचं ऑफिस असो की कुणाचा दिवाणखाना, परक्याच्या हद्दीत शिरताना रेषेला हात लावायचा, काम एका दमात सांगायचं आणि दम तुटला तर प्रामाणिकपणे बाहेर जायचं. "पंचाने बघितलं नाही म्हणून काय झालं? मला कळलं ना दम तुटला ते!" पोस्टाच्या खिडकीवर ते एकदा इतक्या वेळा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले, की खिडकीतल्या माणसाने शेवटी बाहेर येऊन त्यांना तिकिटं दिली.

तसे ते कुठल्या शाळेचे मास्तर नव्हते. आधी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. गिरणी बंद पडल्यावर अंधेरीला प्लॅस्टिकच्या बादल्या बनवणाऱ्या कारखान्यात लागले. मास्तर हे नाव पोरींनी दिलेलं. राहत एकटेच. बायको पहिल्या बाळंतपणात गेली, मूलही गेलं, असं मला चाळीतल्या बायकांकडून कळलं. ते स्वतः कधी बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

संध्याकाळी ऑफिसातून आले की मी खिडकीत उभी राहून भाजी निवडायची, समोर सराव चालू असायचा. मास्तरांचा तोंडपट्टा अखंड. "ए शैले, पाय काय शोकेसमधे ठेवायचेत? टाक पुढे!" "सुरेखा, तू पकड करतेयस की लग्नात हार घालतेयस?" "अगं सॉरी काय म्हणतेस तिला? पाडलंस ना? झकास पाडलंस! सॉरी घरी जाऊन म्हण!" मातीवर चप्पल घालून कुणी आलं की मात्र ते ओरडत नसत. नुसते त्या चपलांकडे बघत राहत. माणूस आपोआप मागे सरके. आमचे हे एकदा बूट घालून शॉर्टकट मारायला गेले आणि अर्ध्या वाटेतून बूट हातात घेऊन परत आले.

चाळीतल्या त्या पोरी आधी मान खाली घालून नळावर जायच्या आणि मान खाली घालून परत यायच्या. वर्षभरात चित्र पालटलं. नाक्यावर एक टवाळ उभा असायचा, येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींवर शिट्या मारणारा. एके दिवशी ह्या पोरी सरावाहून परत जाताना त्याने शिटी मारली. त्या थांबल्या. एकमेकींचे हात धरून त्यांनी साखळी केली आणि त्याला मधे घेतलं. हात लावला नाही, शिवी दिली नाही. नुसत्या गुडघ्यात वाकून हळूहळू पुढे सरकत राहिल्या. तो आधी हसला, मग "जाऊ द्या ना ताई" म्हणाला, मग खांबावर चढला. त्यानंतर तो आपल्या शिट्या घेऊन दुसऱ्या नाक्यावर गेला.

मी मास्तरांना म्हटलं, "हे तुम्ही शिकवलंत?"

"छे हो," ते म्हणाले. "मी तर त्यांना सांगितलंय, रेषेबाहेर पकड करायची नाही. चूकच झाली ती." आणि खूश होऊन हसले.

त्या पोरींत शैला धुरी सगळ्यांत तेज. दहावीत होती. काडीसारखी मुलगी, पण चढाईला गेली की समोरच्या सातजणी पांगायच्या. तिच्या जोरावर मास्तरांनी घाटकोपरच्या मोठ्या सामन्यांत संघाचं नाव घातलं आणि तिथेच घोडं अडलं. त्या सामन्यांचा नियम होता, गणवेश म्हणजे बनियनसारखी जर्सी आणि हाफ पँट. आमच्या पोरी खेळायच्या सलवारीत. मुलुंडला एका मैत्रीच्या सामन्यात शैला मध्यरेषेपासून वीतभर अंतरावर स्वतःच्याच सलवारीत पाय अडकून पडली होती, तेव्हापासून मास्तरांनाही सलवारीचा राग होता. त्यांनी हाफ पँटी शिवून आणल्या. पोरींनी त्या घरी नेल्या आणि दुसऱ्या दिवशी घडी न मोडता परत आणल्या.

शैलाची आई, धुरीकाकू, तर स्वतःच आल्या. ठसठशीत कुंकू, दंड असे की हंडा काखेत आहे हे त्यांना आठवावं लागे. मैदानाच्या कडेला उभ्या राहून म्हणाल्या, "माज्या चेडवान अर्धी चड्डी घालून मैदानात उतराचा नाय म्हणजे नाय. उद्या तिचा लगीन जमवूचा आसा."

बाकीच्या आयांनी माना डोलावल्या. धुरीकाकू नाही म्हणाल्या म्हणजे चाळ नाही म्हणाली.

मास्तर माझ्याकडे आले. उंबरठ्याला हात लावला, पण श्वास घ्यायलाच विसरले. "वहिनी, वाट लागली," म्हणून खुर्चीत बसले. सामने संक्रांतीनंतरच्या आठवड्यात होते. पोरी गेल्या नाहीत तर पुढच्या वर्षी त्यांतल्या निम्म्यांची शाळा संपणार, आणि शाळा संपली की खेळ संपलाच. "शैलाला बघून कुणीतरी वर उचलेल हो तिला. एकदा दिसली पाहिजे. कपाटात ठेवून काय उपयोग?"

"मग आयांशी बोला."

"बोललो. एकीनेही माझा दम पुरा होऊ दिला नाही."

मग मास्तरांचे कान टवकारल्यासारखे झाले. "वहिनी, संक्रांतीचं हळदीकुंकू तुम्ही यंदा मैदानात करा."

"मातीत?"

"मातीत. सगळ्या आयांना बोलवा. हळदीकुंकवाला नाही म्हणता येत नाही."

"आणि तुम्ही काय करणार तिथे? पुरुषाचं काय काम?"

"मी चुना टाकणार," ते म्हणाले.

मला कटकारस्थान फारसं जमत नाही, पण व्यवस्था जमते. चार वाजताची वेळ दिली म्हणजे नळाला पाणी यायच्या आधी सगळ्या मोकळ्या. सतरंज्या कडेला, तिळगुळाचे डबे एका टेबलावर, वाण म्हणून कंगवे. बायका नटूनथटून आल्या. सगळ्यांनी चपला बाहेर काढल्या, कारण मास्तर प्रवेशाशीच उभे राहून पायांकडे बघत होते.

कुंकू लावून झालं, तसे मास्तर मैदानाच्या मधोमध आले. मोठा श्वास घेतला. "भगिनींनो तुमच्या पोरी वाघिणी आहेत आणि वाघिणीला सलवार..."

"तिळगूळ घ्या, गोड बोला!" सुरेखाच्या आईने त्यांच्या हातावर लाडू ठेवला. तिळगूळ दिला की काहीतरी म्हणावंच लागतं. "गोड बोला," मास्तर म्हणाले आणि दम तुटला. निमूट मैदानाबाहेर गेले, रेषेला हात लावून परत आले. "भगिनींनो तुमच्या पोरी..."

"मास्तर, माझा राहिला की! घ्या!"

पुन्हा बाहेर. बायकांना वाटलं, लाजतायत बिचारे. म्हणून त्यांनी आणखी आग्रह केला. चौथ्या खेपेला दोन्ही हात लाडवांनी भरलेले, खिसे भरलेले, तोंडात एक. बोलणार कसे? सतरंजीच्या मागे बसलेल्या पोरी तोंडात ओढण्या कोंबून हसत होत्या.

मास्तरांनी भाषणाचा नाद सोडला. तोंडातला लाडू कसाबसा गिळला, चुन्याची फक्की भरलेल्या डब्याने मैदानाच्या मधे पांढरी रेषा ओढली आणि धुरीकाकूंसमोर जाऊन उभे राहिले.

"काकू, ही रेषा. पलीकडे प्रधान वहिनी उभ्या राहतील. त्यांना शिवून परत यायचं. बस."

प्रधान वहिनी म्हणजे मी. मला कुणी विचारलं नव्हतं.

"ह्यो काय पोरखेळ?" काकू म्हणाल्या.

"मग राहू दे. वय झालं, नाही जमायचं."

धुरीकाकू उठल्या. पदर कमरेला खोचला, निऱ्या वर ओढून खोचल्या, बांगड्या मागे सारल्या. मला म्हणाल्या, "ये गो बाय, उभी रव."

मी उभी राहिले. माझ्या मदतीला सहा बायका आल्या, त्यांतल्या दोघी हसून हसून उभ्याही राहू शकत नव्हत्या. काकूंनी रेषेला हात लावला, कपाळाला लावला, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि घुमल्या, "हुतूतूतूतूतू..."

कबड्डी नाही, हुतूतू. लहानपणी गावी, भात कापून झाल्यावर मोकळ्या कुणग्यात, शेताच्या तुकड्यात, खेळलेलं. तो आवाज ऐकून सतरंजीवरच्या बायकांचं हसू थांबलं. काकू डावीकडे गेल्या, उजवीकडे वळल्या, पायाची फेक अशी, की शैला मागून ओरडली, "आई, अगं हे माझं आहे!" मी मागे सरकत होते आणि मला चाळीस वर्षांत पहिल्यांदा वाटलं की आपल्याला पळता यायला हवं होतं. त्यांनी माझ्या खांद्यावर असा फटका मारला की तो दोन दिवस जाणवत होता. मग वळल्या. सुरेखाच्या आईने कंबर धरली, काकूंनी ती झटकली. आणखी दोघींनी उड्या टाकल्या, त्याही मातीत. रेषा हातभर राहिली आणि तेवढ्यात निऱ्या सुटल्या. पाय अडकला, काकू आपटल्या, आणि हुतूतू तुटलं.

काकू उठून बसल्या, केसांत माती, कपाळावरचं कुंकू कानापर्यंत गेलेलं.

"ह्यो निऱ्यो आडव्यो इल्यो!" त्या गरजल्या. "नायतर माका धरूची कोणाची ताकद नाय!"

मास्तर त्यांच्यासमोर उकिडवे बसले होते. खिशातून एक तिळगूळ काढून त्यांनी काकूंच्या हातावर ठेवला आणि हळूच म्हणाले, "मी तेच म्हणतोय, काकू."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग लेकीकडे बघितलं. मग स्वतःच्या निऱ्यांकडे. आणि एकदम इतक्या मोठ्याने हसल्या की आमच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावरचे पुरुष गॅलरीत आले. त्यानंतर अंधार पडेपर्यंत एकही बाई सतरंजीवर बसली नाही. मी वायर ओढून दिलेल्या बल्बखाली आया विरुद्ध लेकी असा सामना झाला. आया हरल्या आणि पंचाने पक्षपात केला असं सगळ्यांचं मत पडलं. कंगवे वाटायचे राहूनच गेले.

जाताना काकूंनी अट घातली. "खेळांदे तिका. पण ती चड्डी माज्या घरात येवची नाय. माज्या गॅलरीत वाळत पडाची नाय. लोक बघतत."

लगेच सगळ्या आयांना ती अट पसंत पडली. खेळ चालेल, चड्डी दिसता कामा नये. मास्तर म्हणाले, "गणवेश माझ्याकडे राहील. धुणं माझ्याकडे."

घाटकोपरला पोरी दोन सामने जिंकल्या, तिसरा हरल्या. हरल्याचं दुःख करायला वेळच मिळाला नाही, कारण आमच्या बायका कडेला बसून इतका आरडाओरडा करत होत्या की संयोजकांनी येऊन त्यांना चहा दिला, निदान तेवढा वेळ तरी गप्प बसतील म्हणून. धुरीकाकू प्रत्येक चढाईला शेजारच्या अनोळखी माणसाच्या गुडघ्यावर बुक्की मारत होत्या. "माजा चेडू तां!" तो माणूस शेवटी जागा बदलून गेला. मास्तर मात्र बाकावर हात मांडीखाली दाबून बसले होते. शैलाला तिथे निवड करणाऱ्यांनी बघितलं. महिन्याभरात तिची उपनगरच्या संघात निवड झाल्याचा निरोप आला आणि चाळीत पेढे वाटले गेले. लग्नाचं काय म्हणून मी काकूंना विचारलं, तर म्हणाल्या, "आधी खेळांदे गो. लगीन खंय पळान जाता?"

मास्तर दर रविवारी गणवेश धुवायचे. कारखान्यात बाद झालेल्या वाकड्या बादल्यांत ते भिजत, आणि मग त्यांच्या खोलीच्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधलेल्या दोरीवर जर्सी आणि हाफ पँटी ओळीने वाळत. सोमवारी इस्त्री. चाळीतल्या पुरुषांनी थट्टा केली, मास्तरांनी धोबीघाट काढला म्हणाले. मास्तरांनी मनावर घेतलं नाही.

मग हळूहळू गणवेश घरी जायला लागले. आधी सुरेखाची आई म्हणाली, माझं मशीन आहे, उसवलेलं शिवून टाकते, आणि शिवलेलं परत आलंच नाही. तिच्या दोरीवर दिसू लागलं. मग दुसरी, मग तिसरी. एका रविवारी सकाळी मी बाजारातून येत होते, तर धुरीकाकूंच्या गॅलरीत, अगदी रस्त्याच्या बाजूला, आत नाही, आडोशाला नाही, चक्क दर्शनी दोरीवर शैलाची उपनगरची हाफ पँट वाऱ्यावर फडफडत होती. खाली काकू एका बाईला सांगत होत्या, ही कसली आहे ते. त्या बाईने विचारलेलं नसावं.

मी भाजीच्या पिशवीसकट मास्तरांच्या खोलीवर गेले.

"बघितलंत का?"

"बघितलं, वहिनी. दूध आणायला गेलो तेव्हा बघितलं. येताना परत त्याच बाजूने आलो." हसले. स्टोव्हवर चहा टाकला.

"सुटलात म्हणा एकदाचे," मी म्हटलं. "दर रविवारी कंबर मोडायची तुमची."

"सुटलो खरा." त्यांनी आल्याचा तुकडा ठेचला, बराच वेळ ठेचत राहिले. "बरं झालं. होणारच होतं. व्हायलाच पाहिजे होतं." मग स्टोव्हकडे बघत म्हणाले, "घरात पोरींचे कपडे वाळत असले ना वहिनी, की बाहेरून जाणाऱ्याला वाटतं, ह्या घरात माणसं आहेत. आत येणाऱ्यालाही वाटतं."

मी वर दोरीकडे बघितलं.

दोरीच्या एका टोकाला, भिंतीला लागून, त्यांचे स्वतःचे दोन सदरे एकमेकांना चिकटून वाळत होते. बाकीची दोरी मोकळी.

"अहो, जरा पसरून घाला की," मी म्हटलं. "असे वाळायचे नाहीत."

"सवय हो," ते म्हणाले.

तेवढ्यात खालून पोरींचा कल्ला आला. "मास्तर! ओ मास्तर! या ना, नवीन दोघीजणी आल्यात, त्यांच्या आया पण आल्यात, भांडतायत!"

मास्तरांनी स्टोव्ह बंद केला, कपात चहा ओतून माझ्या हातात दिला आणि "आलो रे!" म्हणत मला त्यांच्याच घरात टाकून जिना उतरून गेले. जिन्यातच मोठा श्वास घेतलेला ऐकू आला.

चहात साखर जास्त होती. मी तो प्यायले, कप विसळून पालथा घातला. निघताना ते दोन सदरे दोरीवर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट पसरले, बाह्या ताणून, आणि दार ओढून घेतलं.